चौथा बी-वन

“मुकिंदा, पायरी हाय,” असं जालिंदर म्हणाला आणि त्याच पायरीला स्वतः ठेचकाळला.

माझा हात त्याच्या खांद्यावर होता, त्यामुळं तो पुढं झुकला तसा मीही झुकलो आणि एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून आमच्यामागून येणारी सगळी रांग एकमेकांवर आदळली. मागून कुणीतरी ओरडलं, “ड्रायव्हर बदला रं!” सगळे खो खो हसले. जालिंदरही हसला, पण जरा उशिरा.

ही अठ्ठ्याण्णव सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. फलटणला अंधांच्या क्रिकेटची विभागीय स्पर्धा होती आणि आम्ही आटपाडीची पोरं पहाटेच्या एसटीनं तिथं पोचलो होतो. आता मला बँकेत पंचवीसेक वर्षं होत आली, घरी पोरांना गोष्टी सांगतो, पण ही एक कधी सांगितलेली नाही.

आमचं क्रिकेट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. चेंडू कडक प्लॅस्टिकचा, पोटात छर्रे भरलेला. तो खुळखुळत येतो आणि आम्ही कानानं खेळतो. बोलर आधी “रेडी?” विचारतो, बॅट्समन “यस” म्हणतो, मग “प्ले” म्हणून बोलर चेंडू जमिनीसरसा सोडतो. खेळाडूंची तीन घराणी. बी-वन म्हणजे ठार आंधळे. मी त्यातला, जन्मापासूनचा. बी-टू म्हणजे सावल्या दिसणारे. आणि बी-थ्री म्हणजे आमच्यातले जमीनदार, चार-सहा पावलांवरचं माणूस ओळखणारे. संघात निदान चार बी-वन असावेच लागतात आणि त्यांनी काढलेली एक धाव दोन धरतात. सगळ्या जगात ठार आंधळ्याचा भाव वधारतो अशी मला माहीत असलेली ही एकच जागा. त्यामुळं सोंगंही फार. बरं दिसणारी पोरं तपासणीच्या दिवशी डॉक्टरांसमोर चाचपडत यायची, मुद्दाम खुर्चीला धडकायची, आणि बाहेर आल्यावर लांबूनच चहाची टपरी शोधून काढायची.

जालिंदर साळुंखे आमचा कॅप्टन आणि विकेटकीपर, बी-थ्री. लहानपणापासून काचबिंदू, पण एका डोळ्यानं बऱ्यापैकी दिसायचं. घरची पिठाची गिरणी तोच चालवायचा. अंधशाळेच्या वसतिगृहात मी दहा वर्षांचा आणि तो बाराचा असताना त्यानं माझ्या हातात पहिल्यांदा बॅट दिली. पेपर नाकाला लावून मला मॅचच्या बातम्या वाचून दाखवायचा. वसतिगृहातून बाहेर पडल्यावरही आमची दोस्ती तशीच राहिली. मला जे जग ठाऊक होतं, त्यातलं निम्मं त्याच्या तोंडून आलेलं होतं.

आणि दोन महिन्यांपूर्वी मला एक गोष्ट कळली होती. कीपरनं चेंडू बघून फिल्डरांना ओरडून सांगायचं असतं. पूर्वी बॅटच्या आवाजाबरोबरच जालिंदरची हाक यायची, “मुकिंदा, डावीकडं!” आता ती हाक आवाजानंतर यायला लागली होती. अगदी एवढीशीच नंतर. पण तेवढा वेळ मला चांगला ओळखीचा होता, कारण मीही तेवढाच वेळ घेतो. जालिंदर बघून नाही, ऐकून ओरडत होता.

मी कुणाला बोललो नव्हतो. मनातल्या मनात, खरं सांगायचं तर, मला बरंच वाटलं होतं. गडी आपल्यात आला, असं.

त्या दिवशी अडचण वेगळीच निघाली. आमचा चौथा बी-वन रमजान दहिवडीच्या स्टँडवर एसटीत चढणार होता. त्याच्याऐवजी त्याचा भाऊ खिडकीशी आला आणि रमजानला टायफॉइड झालाय असं सांगून गेला. आमचे कोच तोडकर सर वाटभर यादीचा कागद उलगडत आणि मिटत बसले. मैदानावर पोचल्यावर मात्र ते संयोजकांच्या मांडवात गेले आणि त्यांचा आवाज आम्हाला बाहेर ऐकू यायला लागला.

“अहो, एकाच पोराचा प्रश्न हाय. आजारी पडलं त्याला मी काय करू?”

“सर, नियम माझ्या घरचा नाही. दहापर्यंत चौथा बी-वन आणा, नाहीतर समोरच्यांना पुढं चाल द्यावी लागेल.”

“दहाला कुठनं आणू? झाडाला लागत्यात काय?”

सर बाहेर आले आणि मटकन बाकावर बसले. आम्ही तेरा पोरं त्यांच्याभोवती गोळा झालो. राज्याच्या संघाची निवड करणारी माणसं त्या दिवशी येणार होती. मी चोवीस वर्षांचा होतो, तीन वर्षं ह्याच स्पर्धेसाठी घाम गाळत होतो, आणि घरी भाऊ म्हणायला लागला होता, की आता खेळ बास, खुर्च्या विणायला शिक. न खेळता आटपाडीला परत जायचं म्हणजे माझं सगळं तिथंच संपत होतं.

“सर,” मी म्हणालो, “चौथा हाय की आपल्याकडं.”

“कोन?”

“आपला कॅप्टन.”

कुणी हसलं नाही. माझ्या डाव्या हाताला जालिंदर उभा होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

“मुकिंदा, गप बस,” तो हळू म्हणाला.

“का गप बसू? दोन म्हैनं झालं, तुला दिसत न्हाई. मघाशी पायरी सांगून पायरीलाच अडखळलास. सांग की सरांना.”

“जरा धूसर झालंय. थेंब चालू हाईत. सोमवारी पुण्याला दाखवायचंय.”

“मग आज हितं दाखव. डाक्टर फुकट बसल्यात.”

त्यानं माझा दंड धरून मला बाजूला ओढलं. “तुला काय कळतंय रं त्यातलं?”

“मला न्हाई कळणार तर कुणाला कळंल?” मी म्हणालो. मला त्याचा रागच आला. आंधळं होणं म्हणजे काय, तर माझ्यासारखं होणं. मी जेवत होतो, खेळत होतो, चेष्टा करत होतो. माझ्यासारखं व्हायला ह्याला एवढं जड का जावं? मला तो माझा अपमान वाटला.

सर उठून जवळ आले. “जालिंदर, खरं काय हाय? जबरदस्ती न्हाई बाळा. पण नऊ पंचवीस झाल्यात.”

तेवढ्यात आमच्यातला सगळ्यात धाकटा, पहिल्यांदाच गावाबाहेर आलेला उत्तम, म्हणाला, “कॅप्टन, खेळूया की हो.”

जालिंदरनं चाचपडत उत्तमच्या डोक्यावर टपली मारली. मग म्हणाला, “चला. विचारू डाक्टर मॅडमना.”

तपासणी शाळेच्या एका वर्गात होती. सर कागद आणायला मांडवात गेले आणि मी जालिंदरबरोबर आत गेलो. डॉक्टर मॅडम आवाजावरून तरण्या वाटत होत्या. त्यांनी जालिंदरला खुर्चीत बसवलं, मी दाराशी थांबलो.

“किती बोटं आहेत सांगा.”

“तीन.”

“आता?”

“दोन.”

“आता?”

“तीनच की.”

“दादा, माझे दोन्ही हात टेबलावर आहेत,” मॅडम म्हणाल्या.

मला हसू आवरेना. सगळी दुनिया ह्या वर्गात येऊन दिसत नसल्याचं सोंग करत होती आणि आमचा हा पठ्ठ्या दिसत असल्याचं करत होता. बाहेर जाऊन पोरांना कधी सांगतो असं मला झालं होतं.

मग बॅटरीचं बटण टकटक वाजलं. “उजेड कुठल्या बाजूनं येतोय?”

“डावीकडनं.”

“आता?”

“...डावीकडनंच.”

“आता?”

मॅडम खुर्ची सरकवून जवळ आल्या असाव्यात, कारण त्यांचा आवाज एकदम खाली आला. “कधीपासून असं आहे?”

“कशाचं कधीपास्नं?” जालिंदर म्हणाला.

आता मागं वळून बघताना कळतं, की तिथं मी थांबायला हवं होतं. मॅडमही थांबल्या होत्या. त्या म्हणाल्या, “पुण्याला जरूर जा. आज मला बी-थ्री देता येणार नाही. बी-वनचं म्हणाल तर, तुमची इच्छा असेल तरच लिहिते. नको असेल तर कागद कोरा ठेवते, तुम्ही घरी जा.”

“लिवायलाच पायजे का?”

“नाही. म्हणूनच विचारते.”

तो विचार करत होता. बाहेर सरांच्या चपला व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होत्या. मला धीर धरवेना.

“लिवा मॅडम!” मी दारातून ओरडलो. “लिवा, लिवा. दहा वाजत आलं!”

जालिंदर म्हणाला, “लिवा.” आणि मॅडमनी लिहिलं.

मी कागद हातात घेऊन व्हरांड्यात धावलो आणि खांबावर आदळलो, तरी ओरडत होतो, “मिळाला! चौथा मिळाला!” पोरांनी असा जल्लोष केला, की शाळेच्या शिपायानं येऊन दम दिला. कुणी शिट्टी मारली. सरांनी जालिंदरला मिठी मारली, “पोरा, लाज राखलीस,” म्हणाले. मग बी-वनच्या मनगटाला बांधतात तो पांढरा पट्टा त्यांनी स्वतःच्या हातानं त्याच्या मनगटावर बांधला, आणि आम्हा बी-वनवाल्यांना घालावा लागतो तो काळा चष्मा त्याच्या डोळ्यांवर चढवला. मी त्याच्या पाठीत थाप मारली. “आलास लेका आमच्यात!”

एका माणसाचे डोळे गेले म्हणून तेरा माणसं नाचत होती. हे मला आज सुचतंय. त्या वेळी आम्हाला कुणालाच, सरांनाही, ते विचित्र वाटलं नाही.

शालनवहिनी, म्हणजे जालिंदरची बायको, थोड्या वेळानं आली. फलटणजवळच्याच एका वाडीत तिचं माहेर. लग्न होऊन नऊ महिने झाले होते, आणि जावई मोठ्या स्पर्धेत कॅप्टन म्हणून खेळणार म्हणून तिचे वडील वाडीतली पंधरा-वीस माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून घेऊन आले होते. लग्न ठरवताना त्यांना सांगितलेलं होतं, की मुलाला जरा कमी दिसतं. तेवढंच. ही माणसं येणार हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी गप्प बसलो असतो का? बसलो नसतो, असंच मला वाटतं.

आमची बॅटिंग आधी आली. मी बावीस काढून आलो, दुप्पट धरून. पाच गडी गेल्यावर जालिंदर आत गेला. सवयीनं तो भराभरा चालायला लागला आणि अंपायरला हाताला धरून त्याला खेळपट्टीवर न्यावं लागलं. कर्ण्यावरून सामन्याचं वर्णन करणाऱ्या मास्तरांच्या अंगात चांगलंच वारं भरलं होतं. “आता येत आहेत आटपाडीचे कप्तान जालिंदर साळुंखे! बी-वन! म्हणजे संपूर्ण अंध खेळाडू! मंडळी, टाळ्या! हे डोळ्यांनी काहीही पाहू शकत नाहीत, तरी बघा कसे ताठ उभे आहेत!”

टाळ्या वाजल्या. ट्रॉलीवाली मंडळी बसली होती त्या बाजूनं मात्र वाजल्या नाहीत.

पहिले तीन चेंडू त्यानं सोडले. “रेडी?” बोलर विचारायचा, आणि त्याचं “यस” इतकं बारीक यायचं, की बोलर परत विचारायचा. चौथ्याला त्यानं गुडघा टेकून झाडू मारल्यासारखी बॅट फिरवली आणि चेंडू खुळखुळत सीमेपार गेला. आमची पोरं उठून ओरडायला लागली, “डबल! डबल!” चारचे आठ झाले. मग तो थांबलाच नाही. ऐकून खेळायला तो आमच्यापेक्षा पक्का झाला होता, गेले कित्येक महिने दुसरं करत तरी काय होता? सव्वीस धावांच्या बावन्न झाल्या. प्रत्येक फटक्याला मास्तर कर्ण्यावरून सांगत होते, “संपूर्ण अंध! मंडळी, संपूर्ण अंध!” आणि प्रत्येक वेळी मी सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होतो.

आम्ही एकतीस धावांनी जिंकलो. सामन्याचा मानकरी जालिंदर. त्याच्या गळ्यात हार घातला, हातात चषक दिला, निवडणाऱ्यांपैकी एकानं माझं नाव विचारून घेतलं. माझ्या आनंदाला पारावार नव्हता.

मी पाण्याच्या टाकीवर तोंड धूत होतो तेव्हा बांगड्यांचा आवाज जवळ आला.

“भावजी.”

“वहिनी! बघितलं का आमच्या कॅप्टनला? बावन्न!”

“सरांना कुणी सांगितलं?”

तिचा आवाज शांत होता. म्हणून मला अजून काही कळलं नाही. “मीच की,” मी म्हणालो. “सगळ्यांच्या आधी मला कळलं हुतं. दोन म्हैनं झालं.”

“मला आखाडापास्नं म्हाईत हाय,” ती म्हणाली.

नळ तसाच वाहत होता.

“एकदा सांजच्याला ईज गेली. मी चुलीम्होरं. ह्येनी आलं आनि म्हनलं, आज बल्ब लई लख्ख दिसतुया, नवा आनला का? मी म्हनलं, व्हय, नवाच हाय. तवापास्नं मी घरातलं भांडंसुदीक जागचं हलवलं न्हाई. उंबऱ्यापाशी आलं की खोकायची. ताटात काय वाढलं ते बोलत बोलत वाढायची, भाकरी हितं, कोरड्यास तितं, मला बडबड करायची सवयच हाय आसं दाखवून. ह्येनी म्हनायचं, हिरवं लुगडं चांगलं दिसतंय तुला. मी कुठलंबी नेसलेलं आसू दे, व्हय म्हनायची.”

“वहिनी, मला...”

“त्येंचं त्येनीच येक दिस मला सांगितलं आसतं, भावजी. न्हाईतर मी म्हनले आसते, घरात, दोघंच आसताना. सोमवारी पुण्याला जाऊन आल्यावर म्हनायचं ठरवलंबी हुतं मी. तवर कुनी तोंडानं म्हनलं नव्हतं, तर त्येस्नी वाटायचं, की अजून थोडं हाय. तेवढ्यावर मानूस चाललं हुतं. तुमी कर्न्यावर म्हनलात. माज्या बापाम्होरं, वाडीम्होरं.”

“मी न्हाई म्हनलं कर्ण्यावर,” मी कसाबसा बोललो.

“तुमीच म्हनलं,” ती म्हणाली, आणि नळ बंद केला.

सोमवारी ते दोघं पुण्याला गेले. तिथंही काही उरलेलं नव्हतं. जालिंदर त्यानंतर कधी खेळला नाही. मी राज्याकडून दोन वर्षं खेळलो, त्याच प्रमाणपत्रावर बँकेत टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली, त्याच नोकरीवर माझा संसार झाला. तो मला वाईट कधी बोलला नाही. माझ्या लग्नात आला, जेवला, बायकोला गिरणीवर घेऊन ये म्हणाला. आमच्यात फक्त चेष्टा बंद झाली, आणि आमची दोस्ती तर सगळी चेष्टेवरच उभी होती.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मी टाकीपाशी ओल्या तोंडानं उभा होतो आणि वहिनी माझ्यासमोर उभी होती. दुपारचे दोन-अडीच वाजले असतील. मांडवाबाहेरच्या खुर्चीत जालिंदर एकटाच बसला होता, पोरं जेवायला गेली होती. तिकडून त्याची हाक आली. इतक्या वर्षांत मी त्याचा तसा आवाज ऐकला नव्हता. लहान मूल झोपेतून उठून विचारतं तसं त्यानं विचारलं,

“शालन, उजेड हाय का गं अजून?”

वहिनीच्या बांगड्या एकदाच वाजल्या आणि थांबल्या. कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं. माझ्या मानेवर ऊन चटचटत होतं, ते मी सांगू शकलो असतो. पण तो उन्हाचं विचारत नव्हता. तो उजेडाचं विचारत होता, आणि उजेड म्हणजे काय हे मला जन्मात कधी माहीत नव्हतं.